आहेराचं कुंपण

दोंडाईच्याजवळ आमच्या शेताला लागून एका नानांचा हरभरा आहे. आहेरात आलेल्या, कुणीही न नेसलेल्या साड्या पुढच्या लग्नात खपवण्याची ढोंगी रीत मोडा, असं मी तावातावानं सांगत फिरतो. नाना सांगत नाहीत. हरणं आत शिरू नयेत म्हणून घरातल्या आहेराच्या सगळ्या साड्या त्यांनी बांधावर ताणल्यात, काठ बाहेरून दिसतील अशा, दुकानात मांडाव्यात तशा.

परवा त्यांची थोरली बहीण शेतात आली आणि कुंपणापाशी थबकली.

"नाना, हाई साडी मी देल शे! आते मी तुन्या घर येवाव नही."

नाना शांतपणे गाठ आवळत म्हणाले, "अक्का, बाकीन्या बठ्ठ्या साड्या हरनंस्नी फाड्यात. तुनी तेवढी टिकेल शे."

अक्कांनी आपली साडी चिमटीत धरून पाहिली. मग शेजारच्या चिंधीकडे बोट केलं.

"आनि हाई कोनी देल शे?"