तात्यांच्या फोटोला हार

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्या हयातीतच एकदा मारलं, तेही जुन्नरच्या भर बाजाराच्या दिवशी.

ही गोष्ट पन्नास सालानंतरची. मी शाळामास्तर होतो, नुकतंच लग्न झालं होतं आणि माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता. या तिन्ही गोष्टी एकाच माणसाकडे असू नयेत! पेठेत सिकंदरभाईचा फोटो स्टुडिओ होता, शेजारी कांतिलालचं कापडाचं दुकान. आमची तिघांची रोज संध्याकाळी एकच चर्चा : माणूस म्हणजे नेमकं काय? (ज्याला घरी काही काम नाही तो, असं आमच्या कुटुंबाचं उत्तर होतं.) शेवटी ठरलं, तिघांनी माणसांचे फोटो काढायचे आणि मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात प्रदर्शन भरवायचं. नाव ‘माणूस’.

माझा हुकमी एक्का म्हणजे जवळच्या डिंगोरे गावचे माझे सासरे, तात्या. काय त्या मिशा, काय त्या सुरकुत्या! पण फोटो काढला की आयुष्य घटतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. कॅमेरा दिसला की उपरण्यात तोंड लपवायचे. म्हणून मी बाजरीत दडून बसलो आणि त्यांना गुपचूप टिपलं. मान वर, डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर अपार शांती. (खरं म्हणजे त्यांना शिंक येत होती!) सिकंदरभाईनं तो फोटो खिडकीएवढा मोठा करून दिला. मी खाली झोकात ओळ लिहिली : ‘माणूस येतो, माणूस जातो.’

उद्घाटनाच्या सकाळी माझा पाय एका जागी ठरत नव्हता. दाराशी जा, आत ये, फोटो सरळ कर, पुन्हा दाराशी! बोलावलेले बडे पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा हार हातात घेऊन कांतिलाल हळहळत उभा होता.

“मास्तर, एवढा चांगला हार वाया घालवायचा का?”

“घाल कुठंतरी!” मी दाराकडे धावता धावता ओरडलो.

त्यानं तो सगळ्यांत मोठ्या फोटोला घातला. मंडपात वटवाघळांचा वास मारत होता, म्हणून सिकंदरभाईनं तिथंच खाली उदबत्त्या लावल्या. आणि मी? मी बघितलंसुद्धा नाही!

तेवढ्यात मढ गावाहून बाजाराला आलेल्या गंगूआत्या, म्हणजे तात्यांची सख्खी बहीण, मारुतीला तेल घालायला आत शिरल्या. पुढच्या क्षणी मंडप हादरला.

“आरं माझ्या दादाऽऽ! कवा गेलास रं? आन् मला कुनी सांगितलं बी न्हाई!”

मी धावलो. “आत्या, अहो तसं नाही—”

“तू गप! बाप गेला बायकूचा, आन् जावई हितं उदबत्त्या लावून जत्रा भरवतोय!”

कुणीतरी मदत म्हणून खालची ओळ मोठ्यानं वाचली. ‘माणूस जातो’ ऐकल्यावर तर आत्यांनी बसकणच मारली. बातमी बाजारात गेली. बाजारातून आमच्या घरी गेली. आमची ही पिठाच्या हातानं रडत येताना दिसली. तात्या दर बाजाराला कांदे घेऊन येतात, हे मला एकदम आठवलं आणि मी उडी मारूनच बाहेर पडलो.

मिरच्या, मडकी, कोंबड्या तुडवत मी पळत होतो. तात्या कांद्याच्या ढिगाशी गोंधळून उभे होते. समोरची मडकीवाली हात जोडून थरथरत होती.

“जावईबापू, आज मला बगून मानसं पळत्यात का हो?”

“तात्या, तुम्ही गेलात.”

“कुटं?”

“म्हणजे... वारलात. लवकर चला!”

तात्या मंडपात शिरले आणि रडणं तुटल्यासारखं थांबलं. ही धावत जाऊन वडलांना बिलगली. गंगूआत्यांनी त्यांचे गाल चिमटून खात्री केली आणि मग कडाडल्या, “जित्ता हायेस तर फोटोला हार कशापायी घालून घेतलास?”

“फोटो?” तात्यांनी वर पाहिलं. स्वतःचा खिडकीएवढा चेहरा, हार, धूर. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या. मी हळूच एका खांबाआड सरकलो. तिकडून कांतिलाल बोटानं मलाच दाखवत होता. मित्र!

पण मयताची बातमी ऐकून बाजारातली माणसं अजून येतच होती. अख्खं जुन्नर लोटलं, आणि सगळं एकाच फोटोपुढं! एक म्हातारे पाहुणे चष्मा सावरत अगदी जवळ गेले. फोटोतल्या तात्यांना त्यांनी शेजारच्या तात्यांशी ताडून पाहिलं.

“लई झ्याक उतरलाय राव! कुनी काढला?”

“काढनारा मेला!” तात्या दात-ओठ खात म्हणाले.

“अरेरे! मंजी हार त्याचा व्हय? तरणा व्हता का?”

“तरणा व्हता. पन अक्कल नव्हती.”

म्हाताऱ्यांनी टोपी काढली. त्यांचं बघून मागच्यांनीही काढल्या. सगळा मंडप खाली मान घालून गप्प उभा राहिला, आणि खांबाआड, ओळखू येऊ नये म्हणून, मीही टोपी काढून सर्वांबरोबर स्वतःला श्रद्धांजली वाहिली!