कानांच्या गाद्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलची सीट कव्हरं शिवणारा एक माणूस बसतो. काहीही विचारा, तो आधी सुई दातात धरतो आणि मग "बगू की" म्हणतो. मला त्याचा राग यायचा, कारण त्यात हो आहे की नाही, तेच कळत नाही.

मी घरी बसून डॉक्टरांची रेकॉर्डिंग ऐकते आणि टाईप करते. शेजारी कापडाचे माग दिवसभर खडखडतात, म्हणून कान झाकणारा हेडफोन लागतो. स्वस्तातला घेतला, तर तासाभरात कान ठणकायचे आणि आवाज डब्यातून आल्यासारखा घुमायचा. एखाद्या औषधाचं नाव चुकेल, अशी भीती वाटू लागली. शेवटी तो सीटवाल्याकडे नेला.

त्यानं सीटच्या स्पंजच्या जाड गाद्या कापल्या, त्यांना टॉवेलचं मऊ कापड शिवलं आणि आतल्या पोकळीत कापूस पसरला. पण हेडफोन परत देईना.

"आदी मी घालतो, ताई. माजं डोकं लई मोठं हाय. पट्टी सैल हुईल."

दिवसभर तो हेडफोन घालूनच मशीनवर बसला. गिऱ्हाइकं ओरडत होती, याला पत्ता नाही. टोचलं की गादी उसवायचा आणि नव्यानं शिवून पुन्हा घालायचा.

संध्याकाळी त्यानं हेडफोन हातात दिला, तेव्हा मी तो घालून तिथंच मोबाईलवर एक रेकॉर्डिंग लावून पाहिलं. शब्द न् शब्द सुटा ऐकू आला, कानाला काही टोचलं नाही. जीव भांड्यात पडला.

"दुखतंय का?" त्यानं विचारलं.

नाही म्हणताना मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही कान लालबुंद झाले होते.