एका घरातली दोन पोटं

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या आमच्या कारखान्यात तिला सगळे काजबाई म्हणत. मी कॉलर लावायचे, ती काजं करायची. मशीनं शेजारी शेजारी. नवऱ्याकडून तिला एचआयव्ही आला. त्याच्याबद्दल ती एवढंच म्हणायची, "दुसरं काही ठेवलं नाही त्याने मागे."

बारा वर्षं तिने गोळी एक दिवस चुकवली नव्हती. रक्तात विषाणू सापडेनासा झाला होता, पण पोट काही ताळ्यावर येत नव्हतं. दिवसातून चार-पाच वेळा उठावं लागायचं. ती उठली की मुकादम घड्याळाकडे बघून खाकरायचा.

हॉस्पिटलातल्या एक डॉक्टरीणबाई यावरच संशोधन करत होत्या. त्यांनी सांगितलेलं तिने मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. हा विषाणू सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरावर घाला घालतो, तिथल्या राखणीच्या पेशी मारतो. मग तिथे नांदणारे चांगले जिवाणू घटतात, भलतेच माजतात आणि त्यांचा कचरा रक्तात झिरपतो. गोळीने विषाणू गप्प बसतो, पण अस्तर पूर्ण भरून येत नाही. अंग आतल्या आत धुमसत राहतं.

"म्हणजे आतली शिवण उसवली म्हण," मी म्हटलं.

"शिवण असती तर घातली असती गं. कापडच विरलंय."

संशोधनासाठी दर महिन्याला तिच्या शौचाचा नमुना हवा होता. शिवाय तुलनेला त्याच घरात राहणारं, तेच अन्न खाणारं, पण हा आजार नसलेलं एक माणूस. ती भाऊ-वहिनीकडे राहायची. आई गेल्यावर या भावाला तिनेच वाढवलेलं. तो आधी नाक मुरडून बसला. तपासण्या फुकट होतील म्हटल्यावर तयार झाला.

"घरात जेवण एकत्रच होतं ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो," ही म्हणाली.

खरं तर तिची शेगडी, ताट, पेला, सगळं गॅलरीत मांडलेलं होतं. वहिनी कधी आवाज चढवायची नाही. "ताई, तुमचं तिकडेच बरं पडेल," इतक्या गोडीने तिने सारं बाहेर काढलं होतं. ही थाप का मारलीस, असं मी विचारलं तेव्हा काजबाई म्हणाली, "तिथे माझं कुणीतरी नीट ऐकून घेतं. काय खाल्लं, झोप लागली का, सगळं लिहून घेतात. घरात कोण विचारतंय?"

आठ महिने दोघांचे नमुने गेले. मग डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून कागद दाखवले. भावाच्या पोटात नाना जातींचे जिवाणू, हिच्याकडे मोजक्याच. एका चुलीवरचं खाऊन एवढा फरक, म्हणजे तो आजाराचा, असं त्या समजावत होत्या. तेवढ्यात भाऊ घाबरून बोलून गेला, "पण मला काही होणार नाही ना? आम्ही हिची भांडी वेगळीच ठेवलीत. चूलसुद्धा वेगळी आहे हो!"

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"एकत्र जेवून, एका भांड्यातलं खाऊन हा आजार होत नाही. कधीच होत नाही," त्यांनी भावाला ठणकावून सांगितलं. त्याने मान डोलावली. मग दोन्ही कागदांवर त्यांनी आडवी रेघ मारली. ही जोडी आता तुलनेला चालणार नव्हती.

घरी गेल्यावर भावाने वहिनीला काय सांगितलं कोण जाणे. तिच्या कानात 'पोटात जिवाणू' एवढंच राहिलं. "म्हणजे आता जंतू पण?" ती म्हणाली. चार दिवसांत संडासाला कुलूप लागलं. किल्ली वहिनीच्या कमरेला. काजबाईने खालच्या सार्वजनिक संडासात जायचं. दिवसातून पाच वेळा, तीन मजले उतरून. भाऊ तेव्हा आरशासमोर दाढी करत होता म्हणे. वळला नाही.

आठवड्याने तिने कपड्यांचं बोचकं बांधलं आणि कारखान्यामागे एक खोली घेतली. पुढच्या तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंची तिने माफी मागितली, मला परत घ्या म्हणाली. त्या रागावल्या नाहीत. "घेईन," म्हणाल्या, "पण सोबत राहणारं, सोबत जेवणारं कुणीतरी आणा."

हे तिने मला मशीनवर सांगितलं. सांगून माझ्याकडे बघत राहिली. माझ्या दोन खोल्या, राहणारी मी एकटी, हे तिला ठाऊक होतं. डबा आम्ही रोज एकमेकींच्या हातातला खायचो. भांड्यातून काही होत नाही, हे मला वहिनीपेक्षा चांगलं कळत होतं.

मी खाली वाकले आणि सुईत दोरा ओवायला लागले. दोरा तुटला नव्हता.

त्या दिवसापासून ती डबा आपल्या मशीनवर बसून एकटीच खाते.