इर्माची बोलती भिंत

आमच्या टॉफ्ट लेक गावात कुणाची खुर्ची लटपटायला लागली, दार चौकटीला घासायला लागलं की माणूस दुकानात जात नाही, इर्मा सुंडवॉलच्या गॅरेजमध्ये जातो. गॅरेज म्हणायचं एवढंच. मोटार बापडी बारा महिने बाहेर बर्फात, आणि आत ऊबेला हत्यारं. शाळेच्या स्वयंपाकघरात सारा जन्म डाव फिरवणाऱ्या या बाईने ती एकेक करून जमवली. मी तिचा शेजारी, वेंडेल. रस्त्यावरचा बर्फ काढायच्या गाडीवर माझं आयुष्य गेलं आणि तोंड फटकळ आहे असं लोक म्हणतात. लोकांना काय, म्हणतात.

उन्हाळ्यात लोक जुनं सामान अंगणात मांडून विकायला बसतात, तेव्हा इर्माबरोबर जावं. बाकीचे चकाकी बघतात. ही करवत उचलायची, पातं जरा वाकवायची, नखाने टिचकी मारायची आणि कान लावायची. कधी लख्ख नवी करवत खाली ठेवून गंजलेली, मूठ तुटलेली घरी आणायची. मी हसायचो. "हस तू," ती म्हणायची. "गंज काढता येतो, मूठ नवी बसवता येते. पोलाद हलकं निघालं तर त्याला काय करशील?" आठवड्याने तीच करवत लाकडात अशी उतरायची की मी गप्प.

ठेवण्याची तऱ्हा तर बघण्यासारखी. शाळेने टाकून दिलेलं खणांचं जुनं कपाट तिने आणलं होतं. प्रत्येक खणात जाड लोकरी कापडाचं अंथरूण, त्यावर हत्यार, आणि खण बंद करण्याआधी लोखंडावरून मेणाचा बोळा. पटाश्यांच्या धारेवर बागेच्या जुन्या नळीचे तुकडे, उभे चिरून बसवलेले, म्हणजे धार हाताला लागत नाही आणि हात धारेला लागत नाही. विजेच्या ड्रिलच्या बॅटऱ्या मात्र स्वयंपाकघरात, पावाच्या डब्यात. आमच्या थंडीत गॅरेजमध्ये ठेवल्या की त्या मान टाकतात. तिच्याकडे टोस्ट खायला बसलो आणि डब्यातून बॅटरी हाताला लागली, असं माझं कितीदा झालंय.

मग तिचे डोळे गेले. सगळेच नाही, नजरेचा मधला भाग. समोर बघितलं की धुकं आणि कडेला थोडासा उजेड. डॉक्टर म्हणाले, परत येणार नाहीत. मला वाटलं, संपलं आता. दुसऱ्या दिवशी गॅरेजमधून रंध्याचा आवाज. जाऊन बघतो तर बाई भिंतीकडे तोंड करून उभी, आणि हात मागे जाऊन बरोबर हवा तो खण उघडतोय. मी दारातच उभा राहिलो. माणसाच्या हातात एवढं सगळं साठलेलं असतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये ती पित्ताशयाच्या ऑपरेशनला डुलुथला गेली आणि मागे गावाच्या अंगात दयेचं वारं शिरलं. चर्चमधल्या बायकांनी फ्रीज हॉटडिशच्या, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेल्या जेवणाच्या, भांड्यांनी ठासून भरला. आमचा ग्लेन, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, देवमाणूस आणि उपद्व्यापी, तो म्हणाला, "मी गॅरेज आवरतो." मी तेव्हा मुलीकडे फार्गोला होतो, नाहीतर दारात आडवा पडलो असतो. त्याने भिंतभर भोकाभोकांच्या फळ्या ठोकल्या, हुक लावले आणि सगळी हत्यारं टांगली. प्रत्येक हत्याराभोवती काळ्या रंगाने त्याचा आकार रंगवला आणि खाली छापील नाव चिकटवलं. खणांचं कपाट गेलं भंगारात. नळीचे तुकडे कचरा समजून कचऱ्यात. ज्या बाईला स्वतःच्या ताटातला बटाटा दिसत नाही, तिच्यासाठी या शहाण्याने चित्रं काढली आणि नावं लिहिली.

इर्मा परत आली तोवर मीही परतलो होतो. ग्लेन तिला हाताला धरून आत घेऊन गेला. तिने भिंतीला हात लावला. मग म्हणाली, "वाईट नाही, ग्लेन." आमच्याकडे याच्यापुढे कौतुक नाही. ग्लेन तरंगतच घरी गेला.

"अगं, सांग ना त्याला!" मी म्हणालो. "कपाट आणून देतो परत, भंगारवाल्याकडे अजून असेल."

"आणि त्याने टांगलेलं सगळं उतरवू? रोज येऊन बघणार तो, वेंडेल. माझ्यासाठी कुणी एवढं राबलं आणि मी म्हणू, फुकट गेलं?"

"मग काय करणार?"

"बघू," ती म्हणाली. आमच्याकडे नकाराला, होकाराला आणि मरणालाही हाच शब्द आहे.

पहिल्याच दिवशी तिचं बोट उघड्या पटाशीवर गेलं. जखम फार नव्हती, पण पट्टी ग्लेनने पाहिली आणि काळजीपोटी तिच्या मुलाला, रसेलला, डेन्व्हरला फोन केला. झालं. रसेल वाईट नाही, भित्रा आहे. आई आणि गॅरेजमधली मोठी, टेबलात बसवलेली विजेची करवत, एवढंच त्याला रात्रंदिवस दिसत असणार. त्याने जुनी हत्यारं घेणारा एक व्यापारी ठरवला. शनिवारी तो ट्रक घेऊन येणार, सगळं नेणार, आणि नंतर आई डेन्व्हरला, रसेलच्या तळघरातल्या खोलीत.

"तिथे काय करशील?" मी विचारलं.

"टीव्ही ऐकेन," इर्मा म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "जेवायला घालतील, प्रेमाने वागतील. पण कुणी माझ्याकडे मोडकी खुर्ची घेऊन येणार नाही, वेंडेल. मग मी उठायचं कशाला?"

तिने रसेलशी फोनवर भांडून एवढंच मिळवलं, की शनिवारी ती त्याच्यासमोर एक खुर्ची दुरुस्त करील. कुठे चाचपडली, कुठे हात कापला, तर ट्रक भरायचा.

त्या आठवड्यात रोज सकाळी कॉफी पिताना मला तिच्या गॅरेजमधून किणकिण ऐकू यायची. टिंग, टंग, थांबून पुन्हा टिंग. मला वाटायचं, बिचारी शोधतेय. जीव तुटायचा, पण गेलो नाही. चाचपडताना कुणी बघितलेलं तिला चाललं नसतं.

शनिवारी आम्ही सगळे गॅरेजमध्ये. रसेल पांढराफटक. दारात तो व्यापारी, मोजून बोलणारा माणूस. ग्लेन बायकोने केलेल्या लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन. मधोमध चर्चची खुर्ची, खालचा आडवा दांडा तुटलेला. इर्माने बोटाने तुटक्या टोकांचा अंदाज घेतला, ओकचा एक तुकडा शिकंज्यात आवळला आणि भिंतीकडे वळली.

"करवत ना? डावीकडे, वरच्या..." ग्लेन पुढे झाला.

"ग्लेन, हात खिशात घाल बरं," ती म्हणाली.

मग तिने तर्जनीचं नख टांगलेल्या हत्यारांच्या रांगेवरून हलकेच ओढत नेलं. आणि भिंत बोलायला लागली. रुंद पटाशी जाडसर वाजली, तिच्या शेजारची अरुंद बारीक. कानस खरखरली. गुण्या कोरडा वाजला. मग एक लांब, थरथरता सूर आला आणि हवेत राहिला. तिने तो सूर संपेपर्यंत ऐकला आणि हात वर नेऊन करवतीची मूठ धरली.

आठवडाभर मी ऐकत होतो ते शोधणं नव्हतं. बाई पाठ करत होती.

"खणात निजलेलं पोलाद वाजत नाही," ती सहज म्हणाली, करवत चालवता चालवता. "टांगलेलं वाजतं. ग्लेनमुळे कळलं मला."

करवतीचा आवाज बदलला तशी तिने गती कमी केली आणि तुकडा अलगद तळहातात घेतला. नखाने पुन्हा रांग वाजवली, आता पटाशी. पात्यापाशी नाही, मुठीपाशी गेला हात, कारण कुठलं हत्यार हे कळलं की ते कसं टांगलंय हेही तिला कळत होतं. दांड्याची टोकं गोल केली. पावाच्या डब्यातली बॅटरी खिशातून काढून ड्रिलला लावली आणि पायातलं जुनं भोक साफ केलं. ड्रिल गुरगुरत होतं, मधेच त्याचा आवाज किंचित चढला, त्याच क्षणी तिने बटणावरचं बोट काढलं. पाव इंचही जास्त गेलं नाही. रसेल सुरुवातीला दोन्ही हात पुढे करून उभा होता, लहान मूल पडेल म्हणून उभं राहावं तसा. कधी खाली आले ते हात, त्यालाही कळलं नसेल. माझी नजर तिच्यावरून हटत नव्हती. मी चर्चमध्येही इतका शांत कधी बसलो नसेन.

दांडा बसला. लाकडी मोगरीचे हलके ठोके, गोंद, आवळपट्टा, झालं.

"म्हणजे... माझी चित्रं?" ग्लेनने हळूच विचारलं.

"छानच असणार, ग्लेन," इर्मा म्हणाली, आणि रसेलसुद्धा हसला. पण लगेच त्याने कोपऱ्यातल्या मोठ्या टेबल-करवतीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पुन्हा आक्रसला.

"आई, हे सगळं ठीक. पण ती?"

मला वाटलं, आता भांडण. निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशांतून तिने घेतलेली एकच मोठी गोष्ट ती. इर्मा तिच्यापाशी गेली. लोखंडी टेबलावरून तिने तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. मेण अजून ताजं होतं. मग वाकून स्वतःच वायर भिंतीतून उपटली आणि नीट गुंडाळली.

"ही सुरू झाली की मला दुसरं काही ऐकू येत नाही," ती म्हणाली. "लाकूड नाही, पातं नाही, माझा हात कुठे आहे तेही नाही. डोळे होते तेव्हा चाललं. ही ने, रसेल." "तू सांगायच्या आधीच ठरवलं होतं मी. फक्त कुणी ओढून न्यायला नको होती."

तो, मी आणि व्यापारी, आम्ही तिघांनी ती करवत ट्रकपर्यंत नेली. कंबरडं मोडलं. इर्मा दारात उभी होती, कान आमच्याकडे लावून. करवत ट्रकमध्ये नीट टेकल्याचा आवाज झाला तेव्हा तिने श्वास सोडला.

व्यापाऱ्याने हात झटकले आणि गॅरेजकडे मान वळवली. "चला, आता बाकीचं."

रसेलने त्या ट्रकचं मागचं फळकूट वर ओढलं आणि खिट्टी लावली.

"बाकीचं आई वापरते," तो म्हणाला.