द्वारकेची राखण

द्वारका माझी शेजारीण. ती लातूरकडची, मी बीडची. कोथरूडच्या टेकडीवर आम्ही एकाच उन्हाळ्यात पत्रे ठोकले. जागा कुणाची? सरकारची म्हणा, देवाची म्हणा. आम्ही बसलो म्हणून आमची. पुढाऱ्यांना वस्तीत थारा नव्हता. द्वारका म्हणायची, "दादा, झेंडा बाहेर ठेवा, चहा आत मिळेल."

नियम आमचे आम्हीच केले. पहिला राखणीचा. घर रिकामं दिसलं की महापालिकेचे पाडणारे तेच आधी पाडायचे, म्हणून दिवसभर एक माणूस आत बसलेलं पाहिजे. त्यानं आपल्या मनानं उठायचं नाही. दुसऱ्यानं येऊन "ऊठ, मी बसले" म्हटलं की मगच उठायचं. एकजण न सांगता पाण्याला गेली, तर परत येईपर्यंत घर भुईसपाट! तेव्हापासून त्या शब्दाशिवाय कुणी हलत नसे.

द्वारकेचा नवरा उत्तरेश्वर असाच राखणीला बसलेला असताना गेला. ती धुण्याभांड्याहून आली, तर माणूस भिंतीला टेकून गार पडलेला. रडारडीत तो शब्द म्हणायचा राहूनच गेला.

"ते उठलेच नाहीत गं," ती म्हणायची. त्या भिंतीपाशी कुणाला बसू देत नसे. मी चिडायचे, "अगं बये, जाळून आलो ना आपण त्याला!" पण खरं सांगते, मलाही तिथं भीती वाटायची. घरात तंबाखू खाणारं कुणी उरलं नव्हतं, तरी वास यायचा.

गेल्या वर्षी झोपड्यांच्या बदल्यात आमची बिल्डिंग झाली. सगळे किल्ल्या घेऊन वर गेले. द्वारका हटेना.

"त्यांच्या अंगावर मशीन घालू?"

"मग म्हण की तो शब्द. सोडव त्याला."

"म्हटलं की मला बसावं लागेल. मला कोण उठवील?"

शेवटी जेसीबी दारात आला. द्वारका भिंतीपाशी गेली, पदर सावरून म्हणाली, "अहो, उठा. मी बसले." आणि बसली. तंबाखूचा वास तेवढ्यात गेला.

आता ती उठेना. ड्रायव्हर हॉर्न मारतोय, तिची लेक वैष्णवी रडतेय. "आई, ऊठ, मी..." पोरीनं तोंड उघडलं, तशी मी तिच्या तोंडावर हात दाबला. तिचं सगळं आयुष्य पुढं पडलंय. मीच म्हणाले, "ऊठ द्वारके, मी बसले."

ती लगेच उठली. मागं वळूनही पाहिलं नाही. मी टेकले, भिंत पाठीला ऊन लागली. मग ड्रायव्हर ओरडला आणि मी बाहेर पळाले. मला कुणीच उठवलं नव्हतं.

आता द्वारका शेजारच्या खोलीत गाढ झोपते. मी पाचव्या मजल्यावर नुसती बसून असते. सिमेंटच्या भिंतीला टेकलं तरी पाठीला पत्राच लागतो. काल वैष्णवी दारात आली, माझ्याकडे बघत राहिली. "मावशी, ऊठ, मी..."

मी किंचाळलेच. तिला पुढचं बोलू दिलं नाही.