झाकलेला तळवा

काल नातीबरोबर इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ मांडला होता. माझं अडलंय असं दिसताच तिने आपल्या अक्षरांच्या सोंगट्यांवर हलकेच तळवा ठेवला. "माझंही काही जमत नाहीये गं आजी. तूच लाव." बोटांच्या फटीतून तिचा जुळलेला शब्द मला दिसत होता.

तो तळवा माझ्या ओळखीचा होता. माझ्याशी हा खेळ खेळताना आमचे हेही अगदी असाच हात ठेवून बसायचे. मी तेव्हा नवी नवरी, 'गो-वेंट-गॉन' घोकत पोळ्या लाटणारी. दिसेल त्या क्रियापदाला आयएनजीचं शेपूट लावायचं आणि जिंकले म्हणून शेजारणींना सांगत सुटायचं. पदर खोचून मिरवणाऱ्या त्या बावळट पोरीचं एरवी मला हसू येतं. काल आलं नाही. माझा एकेक विजय त्या तळव्याखालून आलेला होता, आणि भांडायला आता माणूसच उरला नाही. मायेने फसवलं तर तक्रार तरी कुणाकडे करायची?

"हात काढ," मी नातीला म्हटलं. "मला एकदा खरंखुरं हरायचंय."

तिने हात काढला आणि मला सपशेल हरवलं. मला ते मुळीच आवडलं नाही.