सावधगिरीनं उधळलेला बघण्याचा कार्यक्रम

माझ्या धाकट्या बहिणीचं, सुरेखाचं, लग्न भर गल्लीत ठरलं. घरात सतरंजी अंथरून तयार होती. सगळ्यांना रस्त्यावर आणण्याचं श्रेय माझं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी कोल्हापुरात कायदा शिकवायचो. त्या आठवड्यात वर्गात सावधगिरीचं तत्त्व चालू होतं: मोठ्या हानीची शंका असेल तर पक्क्या पुराव्याची वाट बघायची नाही, आधी धोका रोखायचा. ते इतकं पटलं होतं (मुलांना नव्हे, मला!) की कधी एकदा वापरतो असं झालं होतं.

रविवारी कागलहून सुरेखाला बघायला पाहुणे येणार होते. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि नाकात वास शिरला.

"गॅस गळतोय! सगळे बाहेर!"

"अहो, आत्ताच शेगडीवर पोहे केले," बायको म्हणाली. "गळत असता तर एव्हाना आपण वर पोचलो असतो की! वास कशाचा ते तरी बघा."

"बघेपर्यंत स्फोट होईल!"

"मला तर कायबी वास येत न्हाय," आई म्हणाली. (तिला सर्दी झालेली. असली साक्ष कोण धरतो?)

मी सिलेंडर बंद केला, मेन स्विच पाडला, घर रिकामं केलं. मग शेजारी. मग त्यांचे शेजारी. पाण्याच्या बादल्या फाटकाशी मांडल्या. माणसं गल्लीत मावेनात, आणि मधोमध सुरेखा, रेशमी साडीत, पोह्यांचा ट्रे धरून!

तेवढ्यात जीप आली.

"मागं व्हा, पावणं! मागं व्हा!" मी हात पसरून धावलो.

मुलाचे वडील उतरता उतरता थबकले. "आं? पोरगी दावायच्या आधीच नकार?"

"तसं नव्हे हो, घरात धोका आहे!"

"कुनाचा?" असं म्हणत त्यांनी बिडी तोंडात धरून काडी ओढली.

काडी! मी विचार केला नाही. बादली उचलली आणि ओतली. बिडी विझली, फेटा विझला, पाहुणे मिशांपर्यंत विझले!

सुरेखानं ट्रे जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि जीपमधून उतरलेल्या मुलाला हळूच म्हणाली, "पोहे खाऊन घ्या. आता पुढं काय होईल सांगता येत न्हाय." तो हसला. दोघं तिथंच उभ्यानं बोलत राहिले.

इकडे आई एकदम ओरडली, "अगं बाई, माझा मुळ्याचा कीस!" आणि मला न जुमानता आत शिरली. थालीपिठासाठी आदल्या रात्री मुळा किसून तिनं डब्यात ठेवला होता आणि विसरली होती. बाहेर येऊन तिनं झाकण काढलं. तोच वास! अख्खी गल्ली चार पावलं मागं सरली.

मुलाचे वडील माझी लुंगी नेसून, फेटा पिळत बसले होते. मी मान खाली घातली. ते मुलाकडं वळले.

"काय रं, कसं?"

"पसंत हाय," तो तोंडातला घास गिळत म्हणाला.

"मलाबी पसंत हाय," सुरेखा म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं!

लग्नात मला मानाचं काम मिळालं: मांडवापासून लांब, पाहुण्यांच्या गाड्या लावून घ्यायच्या. तिथं एका जीपखाली मला काहीतरी ठिबकताना दिसलं. मी ओरडायला तोंड उघडलं मात्र, बायकोनं त्यात अख्खा लाडू कोंबला!